इंजिन क्रमांक दोन: चालू की बंद

१४ जून १९९७, शनिवार

इंजिनाचं लॉगबुक आजपासून लिहू नये, असा लेखी हुकूम आला. हुकमावर सहीखाली तारीख पंधरा. आज चौदा. म्हणजे साहेबांनी उद्याच सही केली. गिरणी का बुडाली याची चौकशी करायची असेल तर एवढा कागद पुरे.

एकतीस वर्षं रोज संध्याकाळी लिहिण्याची सवय आहे, हात गप्प बसत नाही. इंजिनाचं नाही तर माणसाचं लिहू. माणसात नोंदवण्यासारखं फार नसतं, तेलाचा दाब नाही, पाण्याचं तापमान नाही. तरी बघू.

आजची नोंद: गोवर्धन जिनिंग-प्रेसिंग, सेलू, आज कागदोपत्री मेली. खरी मेली ९ मार्च १९९५ ला, दुपारी चार चाळीसला. त्या वेळी मी कापसाच्या गठाणी भरलेले दोन डबे स्टेशनात नेऊन सोडले, आणि परत येताना इंजिनामागे काहीच नव्हतं. त्यानंतर दर शनिवारी सकाळी मी इंजिन वीस मिनिटं चालवतो. तसा हुकूम नाही. मनाईही नाही. आजच्या हुकमात ती घालायची राहिली, कारण इंजिन चालतं हे वर कोणाला माहीतच नाही.

गिरणीच्या सामानाची यादी करायला सरकारी लिक्विडेटरनं आमच्याच हेडक्लार्क प्रभाकररावांना नेमलंय. ज्यांनी बुडू दिली त्यांनीच किती बुडाली ते मोजायचं. अनुभवी माणूस हवा ना.

२३ जून, सोमवार

प्रभाकररावांनी फॉर्म दिला. वस्तूचं नाव, वर्ष, वजन, स्थिती: चालू/बंद. मी फॉर्म भरला आणि सोबत अकरा पानांची पुरवणी जोडली. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"डोमाजी, रकाना दीड इंचाचा हाय. चालू का बंद, येवढंच पायजे."

"चालू," मी म्हणालो, "पण नुसतं चालू म्हणजे काय? तुमचा पंखाही चालू आहे."

त्यांनी वर बघितलं. पंखा हलत होता, हवा येत नव्हती. पुरवणी ठेवून घेतली.

पुरवणीत सगळं आहे. इंजिन १९३९ साली विलायतेहून आलं. चार चाकं, सहा सिलिंडर, अठ्ठ्याऐंशी अश्वशक्ती. त्याच्याआधी स्टेशन ते गिरणी हे डबे बैलांच्या आठ जोड्या ओढायच्या. इंजिनावर 'दोन' आकडा कोरलेला आहे आणि क्रमांक एकचा पत्ता कुठल्याच कागदात नाही. जिनात पन्नास वर्षं सरकी झाडलेली रुख्माबाई म्हणते, "येक नंबर म्हंजे बैलं." हे मी पुरवणीत घातलं नाही. पुरावा नाही.

मी १९६६ ला लागलो, तेलाचा डबा धरायला. सातवी पास. विलायती पुस्तक कपाटात कुलूपबंद होतं, वाळवीला मात्र परवानगी होती. डिक्शनरी घेऊन चार वर्षांत वाचलं. इंधनपंपाचा कोन पुस्तकात सव्वीस अंश दिलाय. आमच्या इंजिनाला अठ्ठावीस लागतो. मी कंपनीला तसं कळवलं. उत्तर आलं: "आपल्या पत्राची नोंद घेतली आहे." म्हणजे मान्य केलं.

५ जुलै, शनिवार

इंजिन चालवून उतरलो तर शेडच्या दारात मोतीलाल उभा. वर्ध्याचा भंगारवाला, पण माणूस चौकस निघाला. टरबूज बघावं तसं त्यानं इंजिनाच्या अंगावर बोटाची पेरं वाजवली.

"डोमाजीभाऊ, वजन किती असंल?"

"असंल नाही. सतरा टन आणि वर दोनशे पौंड."

लिहून घेतलं. तांबं कुठे कुठे आहे, पितळ किती, तेही विचारलं. एकतीस वर्षांत एकाही मॅनेजरनं हा प्रश्न केला नव्हता. मी पुरवणीची झेरॉक्स दिली. जाताना म्हणाला, "चालू हाय हे पक्कं ना? कागदावर तसंच लिवलं ना?"

"उत्तम चालू, असं लिहिलंय."

"मंग झालं. देव भलं करो तुमचं."

घरी नलूला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "भंगारवाला वजन काऊन इचारते, ते तुमी इचारलं का?"

जिज्ञासा, मी म्हणालो. तिनं भाकरी जरा जोरातच उलटली.

१९ जुलै, शनिवार

मुंबईकडच्या एका यंत्र-संग्रहालयाला मी मार्चपासून चार पत्रं लिहिली. आज उत्तर. कोणी प्रेरणा मॅडम पाहणीला येणार आहेत. जुनी डिझेल इंजिनं देशात फार थोडी उरलीत, असं त्यांनी कळवलंय. मीच त्यांना पत्र दोनमध्ये तसं कळवलं होतं.

आता चिंता नाही. चालतं इंजिन डोळ्यांनी बघितल्यावर कोणता शहाणा माणूस नाही म्हणेल?

३० ऑगस्ट, शनिवार

मॅडम परवा सोमवारी अकराला येणार, तार आली. इंजिन चालवून बघितलं. बॅटरी २४.६ व्होल्ट. तिसऱ्या सेकंदाला धरलं. धूर पहिल्या मिनिटानंतर दिसत नाही. नवरदेवाला लग्नाआधी एवढं कोणी तपासत नाही.

प्रेमदासला बोलावून सोमवारचं सांगितलं. हा आमचा सांधेवाला. पंचवीस वर्षं झेंडी दाखवली, त्यातली पाच उलटी. तो म्हणाला, "सोमवारी पोळा हाय, भाऊ."

"मग?"

"मंग काय? त्या दिवशी जुंपत नाईत."

मी हसलो. आठ जोड्या विकल्या तेव्हा ह्या लोकांच्या बापांनी पोळा काही सोडला नाही. बैल नाही तर इंजिन. तेव्हापासून दर पोळ्याला क्रमांक दोनला सजवायचं, नैवेद्य द्यायचा आणि दिवसभर जागेवरून हलवायचं नाही. मालकही डबे स्टेशनात अडकवून ठेवायचे, रेल्वेचा दंड भरायचे, पण इंजिन जुंपायचे नाहीत. मी लागल्यापासून हा प्रकार बघतोय. यंत्राला थकवा येत नाही, हे मी प्रेमदासला १९७१ साली समजावलं होतं. आज पुन्हा समजावलं.

"बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला. तो असं म्हणाला की समजावं, ऐकलेलं नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

संध्याकाळी खांदशेकणी. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, तशी ही मंडळी डब्यांचा धक्का झेलणाऱ्या इंजिनाच्या बफरांना चोळतात. गिरणी बंद, पगार बंद, तरी सतरा माणसं आली. कामावर एवढी कधी येत नव्हती.

रुख्माबाईनं बफरवर हात ठेवला आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग माझ्याकडे वळून, "डोमाजी, तू बी घेजो आवतन. घरचाच हायस."

बफरला लोण्याचा उपयोग शून्य. त्याला ग्रीसच लागतं. लोणी कमी पडलं म्हणून घरचं आणून दिलं. अर्धवट चोळलेलं काम मला बघवत नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

मॅडम आल्या. तिशीच्या आत. पायात बूट, हातात स्वतःचा टॉर्च. इंजिनाखाली शिरल्या तेव्हा मला बरं वाटलं. बाहेर आल्या आणि समोर बघतात तर बेगड, झुली, पळसाच्या मुळ्यांची वेसण, हेडलाइटवर कुंकू आणि ताटात पुरणपोळी. आजूबाजूला सतरा माणसं, आणि त्यांची बायकापोरं धरून साठ.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पोळा, मॅडम," प्रेमदास म्हणाला. "आमचा बैल येवढाच उरला."

त्यांनी फोटो काढले. किती? तेवीस. इंधनपंपाचा एक. मग म्हणाल्या, "छान. आता चालू करून दाखवता?"

विरोध केला असता तर मी त्यांना सरळ केलं असतं. विरोध कोणी केलाच नाही. रुख्माबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघत राहिली. प्रेमदास वळून पोरांना म्हणाला, "सरा रे बाजूले, भाऊ चालू करते."

मी वर चढलो. बटणावर अंगठा ठेवला. खाली उतरलो.

"बॅटरी उतरली असावी," मी म्हणालो.

मॅडमनी वहीत लिहिलं: सध्या बंद स्थितीत. पुरणपोळी खाऊन दोनच्या बसनं वर्ध्याला गेल्या.

दमट हवेनं बॅटरी उतरू शकते.

२ सप्टेंबर, मंगळवार

२४.६ व्होल्ट. आज पुन्हा मोजली.

आज तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी ओढत दारोदार फिरली. कोणी मला विचारलं नाही की काल काय झालं. प्रेमदास तर घरी येऊन बसला आणि तासभर कापसाच्या पेऱ्याबद्दल बोलला. त्याच्याकडे एक गुंठा जमीन नाही.

एकतीस वर्षांची मेहनत मी एका अंगठ्यात घालवली. बंद इंजिन कोणतं संग्रहालय नेणार? नलूला म्हटलं, "मी मूर्ख आहे." ती म्हणाली, "आज कसं कळलं?" आणि ताटात पोळीवर तूप जास्त वाढलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज कळलं की मी मूर्ख आहे हे माझं म्हणणंही अपुरं होतं.

प्रभाकररावांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक माझा फॉर्म: "चालू, उत्तम." दुसरा संग्रहालयाचा: "बंद स्थितीत, तरीही ऐतिहासिक व लोकपरंपरेच्या दृष्टीने दुर्मिळ, दान म्हणून मिळावे."

"घेतात?" मी विचारलं. "बंद असूनही?"

"डोमाजी, खाली बसा." त्यांनी चष्मा पुसला. "नियम असा हाय. बंद, निकामी वस्तू दान देता येते. चालू यंत्र दान देता येत नाई, ते लिलावातच. आन् चालू यंत्रांचा सगळा गट मोतीलालनं घेतला. गॅसकटर आणून ठेवला हाय त्यानं."

"तो चालवणार नाही?"

"मोतीलाल? अहो, तो चहाची किटली घेतली तरी वजनावर घेते."

मी म्हणालो, "मग हे तुम्ही जूनमध्ये का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं होतं ना, दीड इंचाचा रकाना हाय. तुमी अकरा पानं देल्ली."

दोन कागद जुळत नाहीत म्हणून मोतीलालनं अर्ज केलाय. येत्या सोमवारी, बावीसला, सकाळी दहाला त्याच्यासमोर चाचणी. बटण तीनदा दाबायचं. धरलं तर त्याचं, नाही धरलं तर संग्रहालयाचं. बटण दाबणार कोण? "जाणकार कर्मचारी." म्हणजे मीच. त्या हुद्द्यासाठी मी सत्तावीस वर्षं अर्ज करत होतो. शेवटी मिळाला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रात्रीची झोप गेली. नलू म्हणाली, "बॅटरीची वायर काढून ठेवा. काम झालं."

"मोतीलाल स्वतःची बॅटरी घेऊन येणार आहे. मूर्ख नाही तो."

"मंग डिझेल काढून घ्या."

"डिझेलही आणणार आहे."

"मंग येखादा पुर्जा घरी घेऊन या. पिठाच्या डब्यात ठेवते."

तिला सांगितलं की तो लिक्विडेटरच्या मालमत्तेतला पुर्जा आहे. ह्या घरात गिरणीचा एक नट आजवर आलेला नाही. हे खरं आहे. बाकीच्यांच्या घरांना गिरणीचीच दारं आहेत.

"आणि खोटं लिहिणार नाही," मी म्हणालो. "बंद लिहायचं तर ते बंद असलं पाहिजे."

"मंग करा ना बंद!" ती ओरडली. "तुमाले चालू करता येते, बंद करता येत नाई काय?"

हा प्रश्न तांत्रिक आहे. विचार केला पाहिजे.

२१ सप्टेंबर, रविवार

दुपारी एकटाच शेडमध्ये गेलो. प्रेमदासला बाहेर पाहऱ्यावर बसवलं. झेंडी नव्हती, त्यामुळे चूक व्हायची शक्यता कमी.

आधी चालवलं. वीस मिनिटं. तेलाचा दाब ३८, पाणी ७१ अंश. शेडबाहेर सिग्नलच्या खांबापर्यंत नेलं आणि परत आणलं. सगळं सेलू ऐकत असेल. ऐको. दर रविवारी ऐकत नाहीत, शनिवारी ऐकतात, एवढाच फरक.

मग बंद करून पंपाकडे गेलो. इंधनपंप आणि इंजिन ह्यांना जोडणाऱ्या चकतीवर दोन बोल्ट असतात. ते सैल केले, चकती फिरवली, बोल्ट पुन्हा आवळले. बस. काही काढलं नाही, काही तोडलं नाही, एक थेंब सांडला नाही. डिझेल आता चुकीच्या क्षणी जाणार. इंजिन फिरेल, खोकेल, पण धरणार नाही. चकतीवर दोन बारीक रेघांची खूण होती, १९७० साली मीच कोरलेली. ती कानसीनं पुसली. आता योग्य जागा कुठली हे त्या पुस्तकावरूनही सापडणार नाही, कारण पुस्तक चूक आहे.

पुरवणीच्या पान सातवर बरोबर आकडा आहे आणि तिची प्रत मोतीलालकडे आहे, हे घामाघूम झाल्यावर आठवलं. मग हेही आठवलं की त्यानं पहिल्या पानावरचं वजन वाचून झेरॉक्स गल्ल्याखाली ठेवलीय, त्याच्या दुकानात मीच बघितली होती. प्रभाकररावांनी तेवढंही वाचलेलं नाही. माझं लेखन कोणी वाचत नाही याचा आज पहिल्यांदा आनंद झाला.

बाहेर आलो. प्रेमदासनं माझे हात बघितले. स्वतःचा गमछा दिला पुसायला. नवा होता.

२२ सप्टेंबर, सोमवार

दहाला मोतीलाल आला, दोन बॅटऱ्या, एक डबा डिझेल आणि वर्ध्याहून आणलेला ट्रकचा मिस्त्री. प्रभाकरराव खुर्ची टाकून बसले. गेटबाहेर आमची सतरा माणसं.

पहिल्यांदा दाबलं. फिरलं. नाही धरलं. पांढरा धूर.

दुसऱ्यांदा. तेच. मिस्त्री म्हणाला, "डिझेल जाऊन राह्यलं, शेठ. नळीत हवा बी नाई." त्यानं बोल्ट हलवून बघितले. घट्ट होते. मीच आवळलेले, सैल कसे असतील?

"परवा तं चालत होतं!" मोतीलाल म्हणाला. "काल बी मी कानानं ऐकलं!"

"जुनं यंत्र हाय, शेठ," प्रेमदास गेटवरून ओरडला. "म्हातारं मानूस काल जेवते, आज जाते."

तिसऱ्यांदा दाबलं. फिरलं, खोकलं, आणि एका सिलिंडरनं धरलं. एकाच. एक काळा भपका, एक ठोका, सगळ्या अंगाला हिसका. त्याला अजून थोडा वेळ दिला असता तर दुसऱ्यानंही धरलं असतं. मी त्याला ओळखतो. असल्या चुकीच्या कोनावरसुद्धा ते माझ्यासाठी प्रयत्न करत होतं.

मी अंगठा काढला.

"तीन झाले," मी म्हणालो.

प्रभाकररावांनी फॉर्म पुढे केला. मी माझ्याच अक्षरातलं 'चालू, उत्तम' खोडून वर 'बंद' लिहिलं आणि सही केली. खाडाखोड असलेला माझा हा पहिला कागद. त्याखाली रकाना होता: बंद पडण्याचे कारण. प्रभाकरराव म्हणाले, "इथं पुरवणी नको, डोमाजी."

मी तो कोरा ठेवला. त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढला. मग स्वतःच्या पेनानं लिहिलं: "वय." शिक्का मारला आणि खुर्ची उचलून निघाले. एकतीस वर्षांत त्या माणसानं एवढ्या वेगानं एकही कागद पुढे सरकवला नव्हता.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज नेलं. संग्रहालयाचा लांब ट्रेलर आला, क्रेन आली. मोतीलालही आज गिरणीची बाकीची यंत्रं कापून भरत होता, त्यामुळे सगळा दिवस गॅसकटरचा वास. आमचे सरकी काढायचे दोन रेचे माझ्या डोळ्यांदेखत तुकडे झाले. मी बघितलं नाही, ऐकलं.

प्रेरणा मॅडमसोबत त्यांचा इंजिनिअर होता, डिग्रीवाला, स्वच्छ शर्ट. ट्रेलरवर चढवायच्या आधी त्यानं इंजिनाची झाकणं उघडून बघितली. मोतीलाल कामावरून हात पुसत तिथेच येऊन उभा राहिला. कान आमच्याकडे. सही झाली असली तरी माल अजून गेटच्या आत होता, आणि त्याचा दुसरा अर्ज खिशात असतो हे सगळ्यांना माहीत आहे.

इंजिनिअर म्हणाला, "काका, ह्याचा गिअरबॉक्स गेलाय. त्यामुळेच धरत नाही."

गिअरबॉक्स! गिअरबॉक्सचा आणि धरण्याचा संबंध तेवढाच, जेवढा चपलेचा आणि तापाचा. तो गिअरबॉक्स मी १९८८ साली ह्या हातांनी उघडून बसवलाय. अख्ख्या विदर्भात त्याच्याइतका निर्दोष गिअरबॉक्स नाही. एकतीस वर्षांत माझ्यासमोर इंजिनाबद्दल चुकीचं वाक्य बोलून कोणी दुरुस्तीशिवाय परत गेलेलं नाही. मॅनेजर नाही, रेल्वेचा इन्स्पेक्टर नाही.

"आणि पंपसुद्धा अगदी व्यवस्थित लावलेला दिसतो," तो पुढे म्हणाला. "पंपाला हात लावायची गरज नाही."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मोतीलाल बघत होता. प्रेमदास क्रेनची साखळी धरून उभा होता, तोही.

"असंल, साहेब," मी म्हणालो. "तुमी शिकलेले."